बावखलाची राखण

वसईच्या पश्चिम पट्ट्यातील एका वाडीत आपण उभे आहोत. समोर केळीच्या बागेला लागून एक खोलगट तळे आहे, काठावर उंबराचे झाड वाकले आहे आणि पाण्यावर त्याची पिकली फळे पडली आहेत. या तळ्याला इथे बावखल म्हणतात.

समुद्र इतका जवळ असूनही इथल्या विहिरींना पिढ्यानपिढ्या गोडे पाणी लागले, यामागे बावखलांचा मोठा वाटा आहे. पावसाळ्यात बावखल काठोकाठ भरते, ते पाणी सावकाश जमिनीत मुरते आणि भूगर्भातील गोड्या पाण्याचा साठा टिकून राहिल्याने खारे पाणी आत सरकू शकत नाही. पूर्वी काठावर रहाट असे. त्याला जनावर जुंपले जाई, मडकी भरून वर येत आणि पाटातून पाणी केळींना व पानवेलींना पोहोचे.

या वाड्या कसणाऱ्यांत ख्रिस्ती कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. बायबलमधील उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देव मनुष्याला एदेन बागेत ठेवतो, तो तिची मशागत आणि राखण करण्यासाठी. मशागतीचे फळ हाती येते, म्हणून ती कोणीही करतो. राखणीचा मोबदला मात्र बहुधा पुढच्या पिढीला मिळतो, आणि म्हणूनच श्रद्धेची खरी कसोटी तिथे लागते, असे आम्हाला वाटते.

श्रद्धा आणि राखण यांचे हे नाते चर्चच्या भिंतींबाहेर ठामपणे मांडले ते नंदाखालचे सुपुत्र फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी. ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक आणि पुढे २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. परंतु वसईच्या शेतकऱ्याला ते आठवतात ते हरित वसई संरक्षण समितीच्या चळवळीमुळे. विहिरींतून टँकरने होणारा पाण्याचा उपसा आणि हिरव्या पट्ट्यावर येऊ घातलेली बांधकामे यांविरुद्ध त्यांनी निरनिराळ्या धर्मांच्या माणसांना एकत्र आणले. त्यासाठी त्यांना दहशतीलाही सामोरे जावे लागले. पृथ्वी हे आपले सर्वांचे सामायिक घर आहे, असे पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये आपल्या परिपत्रकात लिहिले, त्याच्या कितीतरी आधी ही लढाई इथे सुरू झाली होती. २०२४ मध्ये फादर दिब्रिटो यांचे निधन झाले.

उत्तर कोकणातील ख्रिस्ती समाजात भाताच्या नव्या लोंब्या आशीर्वादासाठी चर्चमध्ये नेण्याची प्रथा आहे. मुंबईच्या जुन्या गावठाणांत या सणाला आगेरा म्हणतात. हातातली लोंबी वेदीपर्यंत नेणाऱ्याला ती कोणत्या पाण्यावर वाढली याचा विसर पडू नये, एवढीच आमची कळकळ आहे. कारण नळ आणि पंप आल्यावर बावखलांची गरज उरली नाही असे वाटू लागले. कित्येक बुजवली गेली, काहींत कचरा साचला.

तरीही काही बावखले पुन्हा मोकळी होत आहेत. उन्हाळ्याच्या अखेरीस पाणी तळाशी जाते, तेव्हा माणसे गुडघाभर चिखलात उतरतात, हातोहात घमेली वर देतात आणि तोच काळा, सुपीक गाळ केळींच्या बुंध्याशी पसरतात. संध्याकाळी चर्चची घंटा वाजते, काहीजण तसेच चिखलाच्या हातांनी क्रूसाची खूण करतात आणि उरलेली घमेली उचलू लागतात, कारण पाऊस आता फार लांब नाही.