गुडघ्याचा मागचा कोपरा

(दृश्य: अपघात विभाग. स्ट्रेचरवरचा पाय.)

दुचाकी घसरली, पाय खाली अडकला, गुडघा टम्म सुजला. नातेवाईक गुडघ्याकडे बोट दाखवताहेत आणि डॉक्टरांची बोटं मात्र पावलावर आहेत. पावलाच्या वरच्या बाजूला, मग आतल्या घोट्यामागे, ते नाडी शोधताहेत. मग रक्तदाबाचा पट्टा घोट्याच्या वर बांधला जातो. तिथे मिळालेल्या दाबाला दंडाच्या दाबाने भागायचं. उत्तर ०.९ पेक्षा कमी आलं, तर लिगामेंट-बिगामेंट (हाडाला हाड बांधून ठेवणारे दोर) सगळं बाजूला. आधी रक्तवाहिनीचा सीटी स्कॅन.

गुडघ्याच्या लवणीतून जाणारी मोठी रोहिणी वर मांडीपाशी आणि खाली पोटरीपाशी जखडलेली असते. सांधा निखळला की तिला सरकायला जागाच नसते. ती ताणली जाते, आतून फाटते, कधी तुटते. ६ ते ८ तासांत रक्तपुरवठा पुन्हा सुरू झाला नाही, तर पाय कापावा लागण्याचा धोका झपाट्याने वाढतो.

यात फसवणारी गोष्ट अशी, की निखळलेला गुडघा पुष्कळदा हॉस्पिटलात पोहोचण्याआधीच आपोआप जागेवर बसलेला असतो. एक्स-रेत हाड शाबूत दिसतं. 'काही मोडलेलं नाही' म्हणून घरी जायचं आणि तेल लावून चोळून घ्यायचं, ही आपल्याकडची जुनी सवय. अशा गुडघ्याला ती महागात पडू शकते.

(दृश्य: गुडघ्याचा सांगाडा, हळूहळू फिरणारा.)

गुडघ्याची चार मुख्य लिगामेंट्स. मध्यभागी एकमेकांना फुली मारणारी दोन, पुढचं एसीएल आणि मागचं पीसीएल. आतल्या बाजूला एक, बाहेरच्या बाजूला एक. क्रिकेट आणि कबड्डीच्या बातम्यांमुळे एसीएल आता घरोघरी माहीत झालंय. 'एसीएल गेला' म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही.

पण निखळलेल्या गुडघ्यात दोन-तीन लिगामेंट्स एकदम तुटलेली असतात; एकट्या एसीएलची गोष्ट वेगळी. स्वीडनमध्ये १२१ तरुण रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाची शस्त्रक्रिया लगेच केली, दुसऱ्याला आधी व्यायाम दिला आणि गरज वाटली तरच शस्त्रक्रिया. दोन वर्षांनी दोन्ही गटांच्या गुडघ्यांत म्हणावा असा फरक नव्हता, आणि दुसऱ्या गटातल्या निम्म्याहून जास्त लोकांना तोवर शस्त्रक्रिया लागलीच नव्हती. हा दिलासा मात्र दोन-तीन लिगामेंट्स एकदम तुटलेल्या गुडघ्याला लागू होत नाही.

अशा गुडघ्यावर पहिला नोंदलेला प्रयत्न १८९५ चा. इंग्लंडमधल्या लीड्स शहरात आर्थर मेयो-रॉबसन यांनी ४१ वर्षांच्या एका खाणकामगाराची मधली दोन्ही लिगामेंट्स कॅटगटच्या धाग्याने शिवली. १९०३ मध्ये त्यांनी वृत्तान्त प्रसिद्ध केला, तेव्हा तो गडी पुन्हा कामावर होता. पुढे अनेक दशकं शल्यचिकित्सकांची नजर याच मधल्या फुलीवर खिळून राहिली. गुडघ्याचा बाहेरचा-मागचा कोपरा मात्र कोपऱ्यातच राहिला.

(दृश्य: मांडीचं हाड आणि नडगीचं हाड, जवळून.)

हा कोपरा इतका नाठाळ का? आतल्या बाजूला नडगीच्या हाडाचा माथा थोडा खोलगट असतो, मांडीचं हाड त्यात नीट बसतं. तिथलं लिगामेंट फाटलं तर बहुधा ब्रेस आणि सबुरी पुरते. बाहेरच्या बाजूला माथा फुगीर, आणि त्यावर टेकणारं हाडही गोल. गोटीवर गोटी. इथे सगळा भरवसा तीन दोऱ्यांवर: बाहेरचं लिगामेंट, गुडघ्यामागच्या पॉप्लिटियस स्नायूचं टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) आणि या टेंडनला फिब्युलाशी, म्हणजे नडगीशेजारच्या बारीक हाडाशी, जोडणारं आखूड लिगामेंट. ते पूर्ण तुटले की आपोआप जुळण्याची आशा फार थोडी. रुग्ण पाऊल टेकतो आणि प्रत्येक पावलाला गुडघा बाहेर झोल खातो.

रॉबर्ट लाप्रेड या अमेरिकी शल्यचिकित्सकाने या कोपऱ्यात अक्षरशः मोजपट्टी घातली. १९९९ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की कोपरा तुटलेला ठेवून एसीएल नवीन बसवलं तर त्या नव्या लिगामेंटवरचा ताण वाढतो. 'ऑपरेशन करूनही पुन्हा गेला' अशा तक्रारींमागचं एक कारण प्रयोगशाळेत सापडलं. २००३ मध्ये मिनेसोटातल्या त्यांच्या गटाने मृतदेहांच्या गुडघ्यांत नेमकी मापं घेतली. बाहेरचं लिगामेंट आणि पॉप्लिटियसचं टेंडन मांडीच्या हाडाला जिथे चिकटतात, त्या दोन जागांमधलं अंतर सरासरी १८.५ मिलिमीटर. माझ्या मते या विषयातला सगळ्यात मोलाचा आकडा हाच. 'इथेच कुठेतरी शिवू' म्हणण्याचे दिवस त्याने संपवले.

निदानाचंही तसंच. पालथं झोपवून दोन्ही गुडघे ३० अंशांत वाकवायचे आणि पावलं बाहेर वळवून पाहायची. दुखावलेलं पाऊल १० अंशांहून जास्त वळलं, की संशय पक्का. मग गुडघ्यावर बाहेर झुकवणारा जोर देऊन एक्स-रे. सांध्याच्या बाहेरच्या फटीत दुखऱ्या आणि चांगल्या गुडघ्यात साधारण ४ मिलिमीटर किंवा अधिक फरक दिसला, तर पूर्ण कोपरा गेला असं समजतात. एमआरआय हवाच, पण जुन्या दुखापतीत तो चकवतो. हाताने केलेली तपासणी चकवत नाही, असं मुरलेले डॉक्टर सांगतात.

(दृश्य: शस्त्रक्रिया कक्ष.)

बाहेरच्या बाजूला छेद. सगळ्यांत आधी सोडवून बाजूला घ्यायची ती फिब्युलाच्या मानेला वळसा घालून जाणारी नस. ती आधीच ताणलेली असेल, तर पाऊल लुळं पडलेलं असतं. मग तुटक्या लिगामेंटच्या खालच्या टोकाशी एक टाका घालून तो हलकेच ओढतात. वर मांडीच्या हाडापाशी जिथे हालचाल जाणवते, तीच मूळ जागा. तिथे एक बोगदा, १८.५ मिलिमीटर पुढे दुसरा. फिब्युलात एक, नडगीच्या हाडात एक. यांतून दोन नवी टेंडन्स ओवली जातात. परदेशात पुष्कळदा ती दात्याची असतात. आपल्याकडे अशी ऊती सहज मिळत नाही, म्हणून रुग्णाच्याच मांडीमागची घेतात, कधी दोन्ही पायांतून. एसीएल-पीसीएलचेही बोगदे त्याच हाडांत असतात, ते एकमेकांत घुसू द्यायचे नाहीत. खरी कसरत इथे आहे.

जुन्या दुखापतीत पाय बाहेर वाकलेला असेल, तर आधी नडगीचं हाड कापून सरळ करावं लागतं. काहींना तेवढ्यानेच इतका आधार मिळतो, की दुसरी शस्त्रक्रिया टळते.

शस्त्रक्रिया लगेच करावी की सूज उतरल्यावर, व्यायाम किती लवकर सुरू करावा, यावर अजून एकमत नाही. पिट्सबर्ग विद्यापीठाच्या पुढाकाराने याच दोन प्रश्नांवर 'स्टार' नावाची चाचणी हाती घेतली गेली.

(दृश्य: फिजिओथेरपी विभाग.)

कोपऱ्याच्या शस्त्रक्रियेनंतर साधारण सहा आठवडे त्या पायावर भार द्यायचा नाही. वॉकर, कुबड्या, ब्रेस. रोजंदारीवरच्या माणसाला हे सहा आठवडे शस्त्रक्रियेपेक्षा जड जातात, आणि गावाकडे फिजिओथेरपिस्ट मिळणं आणखी जड. धावण्याचा विचार त्यानंतर कित्येक महिन्यांनी. आपल्याकडचा रुग्ण मात्र धावण्याचं विचारतच नाही. तो विचारतो, "डॉक्टर, मांडी घालून बसता येईल का?" पीसीएलही बदललं असेल, तर सुरुवातीचे काही महिने उकिडवं बसणं बंद, मांडी घालणं बंद. पुढचं उत्तर गुडघा किती वाकतो ते मोजूनच मिळतं. म्हणून कोनमापक हातात घेऊन फिजिओथेरपिस्ट दर भेटीत तेच माप पुन्हा घेतात आणि फाइलवर तारीख घालून लिहून ठेवतात.