खरकट्या भांड्यांचा हिशेब

कम्यून, म्हणजे एकत्र राहून काम आणि कमाई वाटून घेणाऱ्यांची वसाहत, म्हटलं की लांब केस, गिटार आणि गांजाचा धूर डोळ्यांसमोर येतो. ते आज बाजूला ठेवू. आज बोलायचंय भांड्यांबद्दल. साठ माणसं जेवून उठली, मोरीत ढीग पडलाय, तो उपसायचा कुणी? पोलिसांनी बंद पाडल्या त्यापेक्षा या ढिगापायी मोडल्या अशाच कम्यून जास्त असाव्यात, असं माझं मत आहे.

अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातल्या त्रिनिदादजवळ 1965 साली ‘ड्रॉप सिटी’ ही कम्यून उभी राहिली. भंगारातल्या मोटारींचे टप कुऱ्हाडीने कापून त्या पत्र्यांचे घुमट बांधले होते. डोकं होतं त्या लोकांत! पण दार सगळ्यांना उघडं. जून 1967 मध्ये तिथे मोठा उत्सव झाला आणि पाठोपाठ लोंढे आले. येईल त्याला जेवण, काम मात्र ज्याच्या त्याच्या मर्जीवर. मूळची मंडळी एकेक करून निघून गेली आणि काही वर्षांत वसाहत ओस पडली.

त्या उत्सवाच्याच महिन्यात, जून 1967 मध्ये, अमेरिकेतच व्हर्जिनियातल्या लुइसा परगण्यात, आठ जणांनी 123 एकरांच्या तंबाखूच्या शेतावर ‘ट्विन ओक्स’ हे कम्यून सुरू केलं. ते अजून चालू आहे. साधारण 90-100 माणसं राहतात. त्यांनी पहिल्यापासून कामाचा हिशेब ठेवला. कल्पना अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या 1948 सालच्या ‘वॉल्डन टू’ कादंबरीतली: कामाला पैसे नाहीत, गुण मिळतात, आणि नकोशा कामाला जास्त गुण.

कागदावर हे झकास दिसतं. पण गुण नावडीवर ठरणार असतील तर आवड लपवण्यात फायदा. गाईंची धार काढायला मनापासून आवडणारा माणूसही तोंड वाकडं करायला शिकतो. शिवाय एकाला संडास साफ करणं चालतं, पण मुलं सांभाळणं नको. दर लावायचा कसा? शेवटी त्यांनी ते सोडून दिलं. एक तास म्हणजे एक गुण, काम कोणतंही असो.

आठवड्याचा कोटा साधारण 42 तासांचा. हा आकडा ऐकून हसू नका. त्यात स्वयंपाक, भांडी, झाडलोट, मुलांना सांभाळणं, सगळं धरलेलं असतं. आजारपणाचे तासही मोजतात. पुण्या-मुंबईत नोकरी करून घर सांभाळणाऱ्या बाईने आपले तास असे मांडून पाहावेत.

प्रत्येकाला आठवड्याचा एक तक्ता मिळतो. आधी आपण आपली ठरलेली कामं भरायची, मग तो वाटप करणाऱ्याकडे जातो. रिकाम्या राहिलेल्या पाळ्या, म्हणजे बहुतेक वेळा भांडीच, तो लोकांच्या मोकळ्या वेळेत बसवतो. तक्ता परत आला की जमत नसेल ते बदलून घ्यायचं. झालेले तास ज्याने त्याने लिहायचे, मुकादम कुणी नाही. जास्त भरले तर सुट्टी साठते, कमी पडले तर खड्डा होतो. ‘खड्डा’ हा त्यांचाच शब्द. तो महिनोन्महिने भरला नाही की प्रकरण राहण्याच्या हक्कापर्यंत जातं.

खड्डा भरायला सोपं काम लागतं. ते वर्षानुवर्षं विकण्यासाठी विणलेल्या दोरीच्या झुल्यांनी पुरवलं. झुला रात्री अकराला विणला काय, पहाटे विणला काय, फरक पडत नाही. गप्पा मारत दोन तास भरता येतात. पण बराच माल ‘पिअर 1’ या एकाच दुकानसाखळीला जायचा आणि 2004 मध्ये ते गिऱ्हाईक गेलं. सगळी भिस्त एकावर ठेवायला नको होती. टोफूचा, म्हणजे सोयाबीनच्या पनीरचा, धंदा हाताशी होता, त्यावर जोर आला. टोफूला मात्र झुल्याची सवलत नाही. सोयाबीनचं दूध उकळलं की नासवायचं, दाबायचं, कापायचं, ठरल्या वेळी ठरलेली माणसं उभी लागतात. एक जण आला नाही की बाकीच्यांचे हात अडकतात, आणि कुणीतरी तक्ता घेऊन बदली माणूस शोधत फिरतं.