वैशाखातली दुपार आणि पूर्वेचा ढग

श्रोतेहो, नमस्कार.

मे महिन्यातल्या दुपारी दोन वाजल्यापासून दिवेलागणीपर्यंतच्या वेळेबद्दल आज मला तुमच्याशी बोलायचं आहे. कोकणातला माणूस या चार-पाच तासांत दोन संकटांना तोंड देत असतो, आधी उकाडा आणि मग वीज. उकाड्याने जीव नकोसा होतो आणि पाठोपाठ येणाऱ्या वळवाची आपण वाट बघतो, कारण तो आला की सुटल्यासारखं वाटतं. पण दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे हवेतली वाफ. मी शाळेत भूगोल शिकवते, त्यामुळे आधी थोडं या वाफेविषयी सांगते. ते समजलं की दुपारची कामं कधी आवरायची हे तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

रत्नागिरी-वेंगुर्ल्याकडे मे महिन्यात पारा साधारण ३३-३४ अंशांवर असतो. बातम्यांत चंद्रपूरचे ४५ अंश ऐकले की आपल्याला वाटतं, आपलं त्या मानाने बरं आहे. तसं नाही. शरीर थंड होतं ते घाम वाळल्यामुळे, नुसता घाम येऊन काही होत नाही. एक लिटर घाम अंगावर पूर्ण वाळला, तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता बरोबर घेऊन जातो. कोरड्या मुलखात हे घडतं. आपल्याकडची हवा आधीच वाफेने भरलेली. म्हणून आपला घाम निथळतो, कपड्यांना चिकटतो, कोपरावरून ठिबकतो, पण वाळत नाही, आणि अंगातली उष्णता अंगातच राहते. ३४ अंश तापमानाला ७० टक्के आर्द्रतेची जोड मिळाली की अंगाला ते चाळिशी ओलांडल्यासारखं जाणवतं. म्हणून तर हवामान खातं उष्णतेची लाट ठरवताना मैदानी भागाला ४० अंशांचा निकष लावतं, पण किनाऱ्याला ३७ अंशांचा. १६ एप्रिल २०२३ ला नवी मुंबईत खारघरच्या उघड्या मैदानावर, भर उन्हात बसलेल्या गर्दीतली १४ माणसं दगावली. तिथे काही विदर्भासारखे ४५ अंश नव्हते.

एक लक्षात ठेवा. उष्माघात झालेल्या माणसाचं अंग कोरडं पडतं असं आपण ऐकलेलं असतं. किनाऱ्यावर उन्हात राबणाऱ्याला उष्माघात झाला, तर त्याचं अंग घामाने ओलंचिंब असू शकतं. तेव्हा अंगाकडे न बघता बोलण्याकडे बघा. माणूस असंबद्ध बोलू लागला, चालताना झोकांड्या देऊ लागला, तर त्याला सावलीत आणा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. बाकी पेज, मीठ घातलेलं कोकम, पन्हं हे आपल्या घरांत आहेच. फक्त ज्यांना रक्तदाबासाठी मीठ कमी करायला सांगितलंय, त्यांनी डॉक्टरांना विचारून घ्यावं.

आता ढगाकडे वळू. सकाळी दहा-अकराच्या सुमारास समुद्रावरून खारा वारा सुटतो. मे महिन्यात अरबी समुद्राचं पाणी जवळजवळ ३० अंशांपर्यंत तापलेलं असतं, त्यामुळे हा वारा वाफेने लदलेला असतो. तो खाडीवरून, सड्यावरून म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावरून पूर्वेकडे सरकत सह्याद्रीच्या पायथ्याशी जातो, आणि पुढे भिंत उभी असल्यामुळे वर चढू लागतो. वर गेल्यावर वाफेचं पुन्हा पाणी होतं. घाम वाळताना अंगातून जशी उष्णता घेतो, तशीच समुद्राच्या पाण्याने वाफ होताना घेतलेली असते. ती सगळी आता ढगाच्या पोटात मोकळी होते. त्या उष्णतेने हवा आणखी वर उसळते, तिच्यामागे खालून आणखी वाफ खेचली जाते. साडेबारा-एकला घाटमाथ्यावर दिसणारा छोटासा पांढरा पुंजका दोन-तीनपर्यंत फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा फुगत जातो. त्याची उंची दहा-बारा किलोमीटरच्याही पुढे जाते आणि मग माथा सपाट होऊन पसरू लागतो. माथा पसरला की समजायचं, ढग पिकला.

साधारण पाच किलोमीटरच्या वर ढगात बर्फ असतो. बर्फाचे बारीक कण आणि छोट्या गारा वर-खाली होताना एकमेकांवर आदळतात आणि त्यातून विजेचा भार वेगवेगळा होतो. हवेचा झोत जितका जोरकस, तितकी ही आदळआपट जास्त. मृगानंतरच्या आपल्या पावसात पाणी पुष्कळ असतं, पण हा उभा झोत तेवढा नसतो, म्हणून आषाढात धो धो कोसळूनही विजा कमी होतात. मला यातच खरी अडचण दिसते. पावसाळ्याचे चार महिने आपण भर पावसात लावणी करतो, भिजत बाजारहाट करतो. पावसाला घाबरायचं नाही हे कोकणी माणसाच्या हाडीमाशी भिनलेलं आहे. आणि तीच सवय आपण वळवालाही लावतो.

वळीव येताना काय होतं बघा. खळ्यात, म्हणजे अंगणात, मिठाच्या रसात बुडवलेली रातांब्याची, म्हणजे कोकमाच्या फळाची, सालं वाळत असतात. पत्र्यावर आंब्याची साठं, बाजूला फणसाचे पापड, कुंपणाशी लाकूडफाटा, कुठे सुकी मासळी. पूर्वेकडून मळभ येतं आणि एकदम गार वारा सुटतो. दिवसभर भाजून निघालेल्या अंगाला तो इतका बरा वाटतो की माणसं पडवीतून खळ्यात येतात. हा गार वारा म्हणजे त्या ढगातूनच खाली कोसळून पसरलेली हवा असते. तो अंगाला लागला, याचा अर्थ ढग डोक्यावर यायला आता थोडाच वेळ उरलाय. नेमक्या त्याच वेळी घरातल्या बायका सालं भरायला धावतात, मुलं साठं उचलायला पत्र्यावर चढतात, कोणी गुरं सोडून आणायला माळावर जातं. पाऊस सुरू झाला की सगळे घरात येतात. वीज मात्र पाऊस सुरू होण्याची वाट बघत नाही. ढगापासून दहा किलोमीटर दूर, जिथे अजून ऊन आहे, तिथेही ती पडू शकते.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकड्यांनुसार आपल्या देशात वीज पडून वर्षाला दोन हजारांहून अधिक माणसं जातात. शेतात, माळावर, झाडाखाली, पाण्यात काम करणाऱ्यांचाच त्यात भरणा असतो. माझं तुम्हाला कळकळीचं सांगणं आहे की वाळवण वाचवायची धावपळ शेवटच्या दहा मिनिटांवर ठेवू नका. ज्या दिवशी एक-दीडलाच घाटावर ढग वाढताना दिसेल, त्या दिवशी ऊन कितीही कडक असलं तरी दोनच्या आत सालं, साठं, मासळी आत घ्या. दोन तासांचं ऊन बुडेल, एखादा दिवस जास्त लागेल. मला ठाऊक आहे, हे सांगायला सोपं आहे. २०२५ साली तर मान्सून २६ मे रोजीच मुंबईत पोचला, जिथे त्याची नेहमीची तारीख ११ जून. अशा वर्षी वाळवणाला दिवस कमी मिळतात आणि घाई वाढते. पण त्या घाईतच जीव जातो.

ढग किती लांब आहे हे कानांनी ओळखता येतं. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत गडगडलं, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे आणि तुम्ही तिच्या टप्प्यात आहात. घरात जा. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास बाहेर पडू नका. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने तयार केलेलं 'दामिनी' ॲप २० आणि ४० किलोमीटरच्या परिसरातल्या विजेची सूचना देतं. ते मोबाइलवर जरूर घ्या. मात्र सड्यावर कित्येक ठिकाणी रेंज नसते, तिथे डोळे आणि कानच कामाला येतात. मोबाइलमुळे वीज ओढली जाते असं मानणाऱ्यांना सांगते, तसं होत नाही. चार्जिंगला लावलेला मोबाइल हातात धरणं मात्र धोक्याचं आहे. टीव्हीची पिन, डिशची वायर काढायची ती ढग दूर असतानाच. डोक्यावर गडगडत असताना बोर्डाला हातही लावू नका.

पायाळू, म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेल्या, माणसावर वीज पडते, असं अजूनही आपल्याकडे बोललं जातं. यात काडीचंही तथ्य नाही, आणि यापायी एखाद्या लेकराच्या मनात आयुष्यभराची भीती बसते. वीज माणूस बघत नाही, उंची आणि उघडेपणा बघते. कातळाच्या सड्यावर उभा असलेला एकटा माणूस हा तिथला सगळ्यात उंच असतो. ओहोटीला खाडीत तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढायला उतरलेली बाईही तशीच. आणि झाडाचा आडोसा तर सगळ्यात वाईट. झाडावर पडलेली वीज बुंध्यावरून शेजारच्या माणसाच्या अंगावर उडी घेते, किंवा मुळांजवळच्या जमिनीतून पसरते. गुरांच्या पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर जास्त असतं, जमिनीतला प्रवाह एका पायातून चढून दुसऱ्यातून उतरतो, म्हणून एका झाडाखाली चार-पाच गुरं एकदम मेलेली सापडतात. पक्कं घर किंवा बंद काचांची गाडी जवळ नसेल आणि काहीच इलाज नसेल, तर झाडांपासून लांब, सखल जागी, दोन्ही पाय जुळवून उकिडवे बसा. आडवे पडू नका. बरोबर माणसं असतील तर एकमेकांपासून अंतर ठेवा.

कोणावर वीज पडलीच, तर त्याला हात लावायला घाबरू नका. त्याच्या अंगात वीज साठून राहत नाही. विजेने बहुधा हृदय आणि श्वास थांबतो, म्हणून लगेच छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी जोरात दाब द्यायला लागा, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, आणि दुसऱ्या कोणाला तरी १०८ लावायला सांगा. एकाच वेळी तीन-चार माणसं पडली असतील, तर जो कण्हतोय तो बहुतेक वाचणार आहे. जो निपचित पडलाय, त्याच्याकडे आधी धावा. इतर अपघातांत आपण याच्या उलट करतो, पण विजेच्या बाबतीत मेल्यासारखा दिसणारा माणूसही वेळेवर दाब मिळाला तर परत येऊ शकतो.

शेवटी आंबा बागायतदारांशी दोन शब्द. मे महिन्यात बागा उरकायची तुमची घाई मला कळते. पाऊस लागला की फळ हातचं जातं, वर्षभराचा खर्च त्याच्यावर उभा असतो. पण झाडावर झेला, म्हणजे आंबे काढायची जाळीची काठी, घेऊन चढलेला माणूस ढग बघू शकत नाही, त्याचं लक्ष फळात असतं. कितीतरी बागांत नेपाळहून आलेले गडी राखणीला आणि काढणीला आहेत. सड्यावरच्या पत्र्याच्या खोपीत ते राहतात, आणि ती खोप विजेपासून आडोसा देत नाही. आपला रेडिओ, आपले इशारे त्यांच्या भाषेत त्यांच्यापर्यंत पोचत नाहीत. ते काम तुम्हालाच करावं लागेल. काढणी पहाटे सुरू करून दुपारच्या आत थांबवता आली तर उत्तम. ते जमत नसेल, तर उद्या बागेत गेल्यावर कामाला लागण्याआधी गड्यांना बरोबर घेऊन एवढं ठरवा, की जवळचं पक्कं घर कोणाचं, तिथे पोचायला किती मिनिटं लागतात, आणि गडगडल्यावर "उतरा" ही हाक कोणी द्यायची.

नमस्कार.