वेगळं व्हायला आलेला पक्ष

राज्यसभा, 1962. मद्रास राज्यातल्या (आजच्या तमिळनाडूतल्या) द्रविड मुन्नेत्र कळघमचे, म्हणजे द्रमुकचे, नेते अण्णादुराई पहिल्या भाषणाला उभे राहतात आणि द्रविडांसाठी स्वयंनिर्णयाचा हक्क मागतात. देशाच्या संसदेत उभं राहून देशातून वेगळं होण्याची भाषा! सदस्य मध्ये मध्ये अडवतात, पण अण्णादुराई बोलतात. आणि सभागृह ऐकून घेतं.

त्याच वर्षी चीनचं आक्रमण झालं आणि पक्षाने हा मुद्दा बाजूला ठेवला. 1963 मध्ये सोळावी घटनादुरुस्ती आली. निवडणूक लढवायची, तर आधी देशाच्या अखंडतेची शपथ. द्रमुकने वेगळ्या देशाची मागणी सोडली, संसद सोडली नाही. हिंदी ही केंद्राची एकमेव राजभाषा करण्याच्या प्रश्नावर मात्र माघार नव्हती. 1965 मध्ये मद्रास राज्य पेटलं. गोळीबार झाले, तरुणांनी स्वतःला जाळून घेतलं. 1967 ला द्रमुकने लोकसभेच्या 25 जागा लढवल्या आणि पंचवीसच्या पंचवीस जिंकल्या. वर्ष संपता संपता संसदेने राजभाषा कायदा दुरुस्त केला: हिंदी न स्वीकारलेल्या प्रत्येक राज्याची विधानसभा संमती देत नाही, तोवर इंग्रजी चालू राहील.

प्रादेशिक पक्षांचं संसदेत काय काम, असं कुणी विचारलं की ही पाच वर्षं त्याच्यापुढे ठेवावीशी वाटतात.

दुसरी बाजूही आहे. 17 एप्रिल 1999. तमिळनाडूतल्याच दुसऱ्या पक्षाने, अण्णाद्रमुकने, पाठिंबा काढला होता. वाजपेयी सरकारच्या बाजूने 269 मतं, विरोधात 270. एका मताने सरकार गेलं आणि सगळा देश पुन्हा मतदानाच्या रांगेत उभा राहिला. लोक चिडले, ते उगाच नव्हे. पण विश्वनाथ प्रताप सिंगांच्या सरकारचा पाठिंबा भाजपने काढला होता. देवेगौडा आणि गुजराल यांच्या सरकारांचा, काँग्रेसने. सरकार पाडायला पक्ष प्रादेशिकच लागतो असं नाही.

खरी मेख व्हिपमध्ये, म्हणजे मत कसं द्यायचं याच्या पक्षादेशात आहे. 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्यापासून पक्षादेश मोडून मत दिलं, तर खासदारकी जाऊ शकते. राष्ट्रीय पक्षाच्या खासदाराला आपल्या राज्याचं म्हणणं कितीही पटलं, तरी बटण दाबायचं ते पक्ष सांगेल तेच. राज्याचं वेगळं मत मतदानात उमटायचं असेल, तर त्या राज्याचा स्वतःचा पक्ष सभागृहात हवा.

हा प्रश्न जुना झालेला नाही. लोकसभेच्या जागांची राज्यवार वाटणी 1971 च्या लोकसंख्येवर गोठवली गेली. 2001 च्या घटनादुरुस्तीने ही मुदत 2026 नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली. नव्या लोकसंख्येवर वाटणी झाली, तर लोकसंख्या आटोक्यात ठेवली म्हणून आपलं वजन घटेल, ही दक्षिणेची धास्ती आहे. ती रास्तच आहे. याचा फैसला संसदेतच व्हायचा आहे. उत्तर प्रदेशात आणि तमिळनाडूत एकाच चिन्हावर निवडून आलेल्या खासदारांना त्या दिवशी व्हिपही एकच असेल.