दारी हत्ती, आणि त्याचा चारा

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेत विकला जाणारा जीएमसी हमर ईव्ही हा पिकअप ट्रक रिकामा उभा असताना नऊ हजार पौंडांच्या वर भरतो, म्हणजे चार टनांहून जास्त. त्यातली बॅटरीच साधारण २,९०० पौंडांची. जानेवारी २०२३ मध्ये तिथल्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या अध्यक्ष जेनिफर होमेंडी यांनी एका भाषणात याच आकड्याकडे बोट दाखवलं होतं: नुसत्या या बॅटरीच्या वजनात जवळजवळ एक अख्खी होंडा सिव्हिक येते. आज बोलायचं आहे ते अशा अवाढव्य विजेच्या ट्रकांबद्दल. हमर, फोर्डचा एफ-१५० लाइटनिंग, टेस्लाचा सायबरट्रक, रिव्हियनचा आर-वन-टी, शेवरोलेचा सिल्व्हराडो ईव्ही. हे घ्यावेत का, आणि घेतले तर नेमकं काय पदरात पडतं?

आधी गोड बाजू, कारण ती खरी आहे. १,००० हॉर्सपॉवरचा हमर शून्यापासून ताशी ६० मैलांवर तीन सेकंदांच्या आसपास पोचतो. चार टनांचं धूड असं उसळलेलं पाहून पोटात गोळा येतो. मागची चाकंही वळत असल्यामुळे अंगाच्या मानाने तो लहान जागेत फिरतो, आणि चारही चाकं एकाच बाजूला वळवून खेकड्यासारखा तिरकाही चालतो. हे तिरकं चालणं रोज कुणाला लागतं, हा प्रश्न वेगळा. लाइटनिंगच्या बॉनेटखाली इंजिनच नाही, त्यामुळे तिथे ४०० लिटरची कुलूपबंद जागा मिळते. उघड्या हौद्यात सामान भिजतं आणि चोरीलाही जातं, म्हणून पिकअप वापरणाऱ्याला या जागेची किंमत पहिल्याच आठवड्यात कळते.

पण माझ्या मते या ट्रकांचा सगळ्यात मोठा गुण वेग नाही, सॉकेट आहेत. मोठ्या लाइटनिंगमधून एका वेळी ९.६ किलोवॉट वीज बाहेर काढता येते. म्हणजे कामाच्या जागी करवत, कॉम्प्रेसर आणि वेल्डिंग मशीन चालतं, तेही जनरेटरच्या फटफटाटाशिवाय. आणि घरची वीज गेली तर? त्याची मोठी बॅटरी १३१ युनिटची आहे. घराला दिवसाला ३० युनिट लागतात असं धरून फोर्ड तीन दिवसांपर्यंतचा दावा करते. फ्रीज, काही दिवे, पंप आणि इंटरनेट एवढ्यावरच भागवलं तर ती आणखी पुरते.

इथे मात्र बरेच जण ठेचकाळतात. ट्रकच्या सॉकेटमधून केबल ओढून घराच्या जनरेटर इनलेटला, म्हणजे बाहेरची वीज घरात घ्यायच्या तोंडाला, लावली, की ट्रक क्षणात पुरवठा तोडतो. ट्रक बिघडला असं वाटतं, पण तो बरोबर वागत असतो. ट्रकच्या सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ आतून जोडलेले असतात, आणि घराच्या मुख्य पॅनेलमध्येही ते जोडलेले असतात. जोड दोन ठिकाणी झाला की परत येणारा करंट थोडा न्यूट्रलमधून आणि थोडा अर्थच्या तारेतून वाहतो. गळती पकडणाऱ्या ब्रेकरला, तिकडे ज्याला जीएफसीआय म्हणतात त्याला, हिशेब जुळत नाही आणि तो पडतो. यावर उपाय म्हणजे घर खांबावरच्या विजेवरून ट्रकच्या विजेवर नेणारा आणि फेजबरोबर न्यूट्रलही तोडणारा ट्रान्सफर स्विच, नाहीतर कंपनीची घरजोडणीची पूर्ण यंत्रणा. अर्थची तार कापून ‘जमवून’ देणारे महाभाग भेटतात. त्यांना दारातूनच परत पाठवा. दोन्ही टोकांना पिना असलेली केबल भिंतीतल्या सॉकेटमध्ये खुपसणं तर थेट जिवाशी खेळ आहे. मेन स्विच चालू राहिला तर वीज उलटी खांबावर चढते, आणि तिथे दुरुस्ती करणारा लाइनमन समजत असतो की तार मेलेली आहे.

आता या हत्तीचा चारा. हमरच्या बॅटरीत २०० युनिटहून अधिक वीज मावते. अमेरिकेतल्या साध्या १२० व्होल्टच्या सॉकेटमधून सलग १२ अँपियर घेता येतात, म्हणजे तासाला दीड युनिटसुद्धा नाही. रिकामी बॅटरी भरायला सहा दिवसांहून जास्त. कोणी म्हणेल, रोज रिकामी कशाला होईल? बरोबर. पण रोजचे ४० मैल धरले तरी हमरला २९ युनिट लागतात, आणि या सॉकेटला तेवढ्यासाठी वीस तास. म्हणजे गाडी रात्री लावून सकाळी काढणाऱ्याचा हिशेब कधी जुळतच नाही. २४० व्होल्ट आणि ४८ अँपियरच्या चार्जरवर तेच काम अडीच तासांत होतं. तेव्हा हा चार्जर ट्रकच्याच किमतीत धरायचा.

तो बसवताना दोन जागी चूक होते. चार्जर तासन्‌तास सलग चालणारा भार आहे, म्हणून नियमाप्रमाणे ४८ अँपियरसाठी ६० अँपियरचा ब्रेकर लागतो. त्याला घरगुती प्लास्टिक आवरणाची ६ गेजची तांब्याची केबल जोडून मोकळे होतात, पण तिची मर्यादा ५५ अँपियरची. एक तर केबल जाड घ्या, नाहीतर पाइपातून सुट्या तारा ओढा. दुसरी चूक स्वस्त सॉकेटची. विजेच्या शेगडीसाठी बनवलेलं ५० अँपियरचं सॉकेट तासाभराच्या स्वयंपाकाला पुरतं. ट्रक त्यातून रात्रभर ४० अँपियर खेचतो. स्क्रू नीट आवळलेला नसेल तर जोड तापतो, तापून आणखी सैल होतो, आणि काही महिन्यांत प्लास्टिक तपकिरी पडून वितळायला लागतं. सॉकेट टाळून चार्जर थेट तारांना जोडणं चांगलं, आणि स्क्रू टॉर्क मोजणाऱ्या स्क्रूड्रायव्हरने आवळून घ्यावेत. घराची जोडणी जुनी, १०० अँपियरची असेल, तर आधी पूर्ण भार मोजून घ्या. नाहीतर एका ट्रकपायी घराचं पॅनेल बदलावं लागेल.

खर्चाचा हिशेब याच युनिटांत करू. अधिकृत आकड्यांवरून काढलं, तर हमर १०० मैलांना साधारण ७२ युनिट खातो आणि मोठ्या बॅटरीचा लाइटनिंग ४८. घरचा दर १७ सेंट धरला तर हमरचे १०० मैल सव्वाबारा डॉलरला पडतात. महामार्गावरच्या जलद चार्जरवर युनिटला ५० सेंट धरले, की तेच ३६ डॉलर. २० मैल प्रति गॅलन देणारा पेट्रोलचा ट्रक, गॅलनला सव्वातीन डॉलर धरून, तेवढंच अंतर सव्वासोळा डॉलरमध्ये कापतो. म्हणून ज्याचं बहुतेक चार्जिंग रस्त्यावर होणार, त्याने इंधनाची बचत या शब्दावर फुली मारावी. आणखी एक तुलना. शेवरोले बोल्ट ही छोटी गाडी ६५ युनिटच्या बॅटरीवर २५९ मैल जायची. पहिला हमर त्याच्या तिपटीहून मोठ्या बॅटरीवर ३२९ मैल. वाढलेल्या बॅटरीतली बरीच वीज ती बॅटरीच ओढत नेण्यात जाते.

आणि इथेच मला या प्रकारातली मुख्य गोम दिसते. ट्रक घ्यायचा वजन वाहायला, पण इथे ट्रकचं स्वतःचंच वजन त्याची क्षमता खाऊन टाकतं. हमरची वहनक्षमता सुमारे १,३०० पौंड आहे. ड्रायव्हर, माणसं आणि सामान, सगळं त्यात आलं. ट्रेलर ओढायची मर्यादा ७,५०० पौंड. ट्रेलरच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार हिचवर, ट्रेलर अडकवायच्या आकड्यावर, म्हणजे ट्रकच्याच पाठीवर येतो. दहा टक्केच धरला तरी ७५० पौंड. आता प्रत्येकी १७० पौंडांची पाच माणसं बसवा, ८५० झाले. बेरीज १,६००. एकही बॅग न ठेवता मर्यादा ३०० पौंडांनी ओलांडली. जाहिरातीतलं भरलेलं कुटुंब आणि मागचा भरलेला ट्रेलर, ही दोन्ही चित्रं कागदावर एकत्र बसत नाहीत.

ट्रेलर ओढताना पल्ला किती घटतो, हे वजनापेक्षा ट्रेलरच्या तोंडावर अवलंबून असतं. सपाट आणि बुटका ट्रेलर जड असला तरी चालून जातो. उंच, डब्यासारखा राहण्याचा ट्रेलर हवा अडवतो आणि पल्ला सरळ अर्ध्यावर आणतो. ३२० मैलांच्या लाइटनिंगचे १५० ते १६० मैल उरतात. त्यातही महामार्गावर बॅटरी १० ते ८० टक्क्यांच्या मध्येच वापरायची, कारण ८० नंतर चार्जिंग रेंगाळतं आणि १० च्या खाली छातीत धडधड सुरू होते. उरले १०५ ते ११० मैल. म्हणजे दोन तासांपेक्षा कमी गाडी चालवा आणि चाळीसेक मिनिटं थांबा, पुन्हा तेच. शिवाय बहुतेक चार्जर पार्किंगच्या खणासमोर असतात. ट्रेलरसकट आत शिरता येत नाही, म्हणून ट्रेलर सोडा, चार्ज करा, पुन्हा जोडा. डिसेंबर २०२५ मध्ये फोर्डने लाइटनिंगचं पूर्ण विजेवरचं उत्पादन थांबवून पुढच्या पिढीत बॅटरी भरणारा जनरेटर गाडीतच देण्याचं जाहीर केलं. ओढकामाची ही अडचण पाहता त्यात नवल वाटत नाही.

जागेचं थोडक्यात. लाइटनिंगची लांबी १९ फुटांच्या वर आहे आणि पार्किंगचे खण साधारण १८ फुटांचे आखतात. वीस फूट खोल गॅरेजमध्ये तो शिरतो, पण मग समोर ना कपाट राहतं ना चालायला वाट. आरशांसकट रुंदी आठ फूट, आणि गॅरेजचं एकेरी दार बहुधा आठ किंवा नऊ फुटांचं.

टायर मात्र थांबून बघण्यासारखे आहेत. जड गाडी आणि पायाखाली क्षणात मिळणारा टॉर्क, या दोन्हींखाली रबर झपाट्याने झिजतं. नवे टायर घेताना माप जुळलं म्हणून कोणतेही चढवू नका. बाजूवर छापलेला भारनिर्देशांक, म्हणजे टायर किती वजन पेलतो तो आकडा, मूळ टायरपेक्षा कमी नको. जॅकचंही तसंच. बॅटरीचा तळ ही जॅक लावायची जागा नव्हे. कंपनीने दाखवलेल्या चार ठिकाणीच रबरी ठोकळा ठेवून उचलायचं. आणि कोपऱ्यावरच्या दुकानातली १० हजार पौंडांची दोन खांबी लिफ्ट नऊ हजारांच्या हमरला जेमतेम पुरते, म्हणून दुरुस्तीला नेण्याआधी फोन करून विचारा.

गमतीची गोष्ट, २०० युनिटची बॅटरी पोटात असूनही हे ट्रक निपचित पडू शकतात. दारं, स्क्रीन आणि संगणक जागे करायचं काम एका छोट्या १२ व्होल्टच्या बॅटरीकडे असतं, ती बसली की सगळंच बसलं. बॉनेटही विजेवर उघडतं, म्हणून बाहेरून वीज देऊन ते उघडायची सोय कुठे आहे, ते मॅन्युअलमधलं पान ट्रक चालू असतानाच वाचून ठेवा. टेस्लाने सायबरट्रकमध्ये ही दुय्यम यंत्रणा ४८ व्होल्टवर नेली. तारा बारीक झाल्या, पण शेजाऱ्याच्या गाडीला जंपर केबल लावायचा जुना मार्ग तिथे चालत नाही.

रस्त्यावरच्या इतरांचाही विचार करायला हवा. नेब्रास्का विद्यापीठात सात हजार पौंडांच्या आसपासचा रिव्हियन ताशी ६० मैलांच्या वेगाने महामार्गाच्या पोलादी कठड्यावर आदळवला गेला. कठडा फाडून तो पलीकडे गेला आणि मागच्या काँक्रीटच्या भिंतीवर जाऊन थांबला. असे कठडे पाच हजार पौंडांचा पिकअप गृहीत धरून तपासलेले असतात. आत बसलेल्याला वजनाचं कवच मिळतं, समोरच्या छोट्या गाडीला त्याचा मार मिळतो. ब्रेक कितीही मोठे असले तरी थांबायच्या अंतराची खोटी आशा धरू नये, विशेषतः बर्फावर. चारही चाकं ओढत असल्याने निघताना गाडी सुरेख पकड दाखवते, थांबताना तीच चाकं घसरतात.

माझं मत विचाराल तर, स्वतःचं घर, दारात चार्जर, रोजचं काम शंभर मैलांच्या आत आणि वीज जाण्याचा त्रास असलेला भाग, एवढं जुळत असेल तर लाइटनिंगसारखा मधला ट्रक, जुना का होईना, चांगला सौदा आहे. नव्या गाडीवरची ७,५०० डॉलरची केंद्रीय करसवलत ३० सप्टेंबर २०२५ नंतर संपली, त्यामुळे नव्याचा मोह तसाही कमी झाला आहे. हमर ही हौस आहे. हौस करायला हरकत नाही, फक्त तिला काम म्हणू नये.

पाहायला जाल तेव्हा विक्रेत्याचं ऐकण्याआधी ड्रायव्हरचं दार उघडा. दाराच्या खांबावर एक छोटं स्टिकर असतं, त्यावर माणसं आणि सामान मिळून जास्तीत जास्त किती पौंड, हे त्या विशिष्ट गाडीचं लिहिलेलं असतं. मोठं काचेचं छत, मोठी चाकं, महागडी आवृत्ती, प्रत्येकाने तो आकडा थोडा खाल्लेला असतो. तो वहीत उतरवा, खाली घरच्या माणसांची वजनं लिहा, त्याखाली ट्रेलरच्या वजनाचा दहावा हिस्सा, आणि वजाबाकी तिथेच, दारात उभं राहून करा. नमस्कार.