बाभळीचं चाक

भर दुपारी काळ्या रानात सावली असते ती एवढीच, बांधावरच्या बाभळीची. पानं बारीक, ऊन चाळणीतून यावं तसं खाली येतं. तरी गुरं इथंच रवंथ करत बसतात, शेळ्या पडलेल्या शेंगा वेचतात. शेळीच्या पोटातून गेलेलं बी लवकर रुजतं. सोलापूरकडे, मराठवाड्यात बांधावरच्या कितीतरी बाभळी अशाच आपोआप उगवल्या. लोकांनी त्या राखल्या.

राखल्या त्या लाकडासाठी. या ओंडक्याच्या कडेचा पांढरट भाग सुतार तासून टाकतो, त्याला भुंगा लागतो. आतला तांबूस गाभा कामाचा. मुळातच बाक असलेलं खोड नांगराला, सरळ फांदी कुऱ्हाडीच्या दांड्याला. आणि खरी कसोटी लागायची ती बैलगाडीच्या चाकात.

ओंडके काही महिने पाण्यात बुडवून ठेवत, मग सावलीत वाळवत. उन्हात टाकले तर टोकांना चिरा जातात. ओलंच लाकूड वापरलं तर ते मागाहून आकसतं आणि चाक खिळखिळं होतं.

हा चाकाच्या मधला तुंबा. वाकसानं गोल केला, पटाशीनं त्यात बारा घरं पाडली. एकेका घरात एकेक आरा, म्हणजे तुंब्यापासून कडेपर्यंत जाणारी दांडी, ठोकून बसवायचा. आऱ्याचं कुसू, म्हणजे घरात बसणारं टोक, सैल झालं तर तो आरा वाया. आऱ्याची रेषा टोकापासून टोकापर्यंत सलग हवी, तिरकी असली तर पहिल्याच खड्ड्यात मोडतो. दोन आऱ्यांवर एक पुठ्ठा, म्हणजे कडेचा बाकदार लाकडी तुकडा, असे सहा पुठ्ठे.

आता धाव. ही लोखंडी पट्टी चाकाच्या घेरापेक्षा जवळपास इंचभर कमीच ठेवलेली असते. गोवऱ्यांच्या आगीत ती लाल होते, फुगते. सांडशींनी उचलायची, चाकावर टाकायची, घणानं बसवायची आणि लाकूड पेट घ्यायच्या आत पाणी ओतायचं.

लोखंड आवळत जातं, तसे सगळे सांधे मिटतात. धावेचा घेर फार कमी धरला तर आरे वाकतात. जास्त धरला तर उन्हाळ्यात लाकूड सुकून धाव निसटते. मग गाडी ओढ्यात उभी करून चाकं भिजवावी लागत.

टायरगाड्या आल्या, हे काम जवळपास थांबलं, बाभळी वीटभट्टीत गेल्या.

या बांधावर रामकाठी बाभळीची रोपं आहेत. हिच्या फांद्या वर चढतात, पिकावर सावली कमी पडते. सुरुवातीची वर्षं शेळ्यांपासून जपायचं, खालच्या फांद्या छाटत राहायचं. खोड सरळ येतं.