आभाळ आलंय

नमस्कार श्रोतेहो,

डेन्मार्कमध्ये उंदराच्या औषधाला म्हणतात 'रोट्टेगिफ्ट'. 'रोट्टे' म्हणजे उंदीर, आणि 'गिफ्ट' म्हणजे विष! इंग्रजीत तेच नाम भेटवस्तूचं. भाषा शिकवणारे अशा जोड्यांना 'फसवे मित्र' म्हणतात. मला ते नाव पटत नाही. ही भावंडं आहेत, वाटण्या होऊन वेगळी राहिलेली. दोघांचं मूळ एकच, देणं. इंग्रजीने दिलेली वस्तू धरली. डॅनिशमध्ये, जर्मनप्रमाणेच, आधी दिलेली औषधाची मात्रा आणि मग त्या नावाआड विष. आपण तरी काय करतो? दुकानात जाऊन 'उंदराचं औषध'च मागतो. बरं, डॅनिशमध्ये लग्न झालेल्या माणसालाही 'गिफ्ट' म्हणतात, कारण पूर्वी लग्नात मुलगी दिली जायची. 'धाकटी कुठे दिली?' हा प्रश्न आपल्याकडे अजून कानावर येतो.

काही शब्द तर इंग्लंडात नेले ते या उत्तरेकडच्या लोकांनीच, म्हणजे व्हायकिंगांनी. इ. स. 865 मध्ये त्यांचं मोठं सैन्य तिथे उतरलं, पुढच्याच वर्षी यॉर्क पडलं, आणि मग पुष्कळ जण शेती करून तिथेच राहिले. डर्बी, ग्रिम्सबी, व्हिटबी या गावांच्या नावांच्या शेवटी जो 'बी' आहे, त्यात त्यांची वस्ती अजून ऐकू येते, कारण त्यांच्या भाषेत 'बी' म्हणजे वस्तीच. शेजारी म्हटल्यावर शब्दांची उसनवारी आलीच. 'विंडो' हा त्यांचाच शब्द. मुळात 'वाऱ्याचा डोळा'. डॅनिशमध्ये आज त्याचं 'विन्दुए' झालंय आणि त्यातला डोळा ओळखू येईनासा झालाय. आपल्या 'गवाक्षा'त मात्र तो स्वच्छ दिसतो, गाईचा डोळा.

पण माझा सगळ्यात आवडता शब्द आहे 'स्काय'. एस, के, वाय, ही तीनच अक्षरं डॅनिशमध्ये लिहिली, की अर्थ होतो ढग. आकाशाला तिथे 'हिम्मेल' म्हणतात. इंग्रजीतही हा शब्द आला तो ढग होऊनच. चौदाव्या शतकात चॉसर या इंग्रज कवीच्या एका कवितेत वारा सुटतो आणि वर एकही 'स्काय' शिल्लक राहत नाही! आजच्या इंग्रजी वाचकाला हे वाचून बुचकळ्यात पडायला होईल. पुढे तो ढग पसरत गेला आणि त्याने अख्खं आकाश व्यापलं. डेन्मार्कमध्ये मात्र ढग ढगच राहिला.

मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागू नये. संस्कृतात 'अभ्र' म्हणजे ढग, आणि त्याचंच आपलं 'आभाळ'. 'आभाळाएवढा' म्हणताना आपल्या मनात आकाश असतं. पण मे महिन्याच्या अखेरीस, गच्चीवर कुरडया वाळत असताना, आजी जिन्यातून हाक मारायची, "आभाळ आलंय गं, वाळवण आत घ्या!" तेव्हा ती ढगांबद्दलच बोलत असायची, आणि आम्ही धावत सुटायचो.